खेळाडू, शल्यवैद्य व गुरु : डॉ. चार्ल्स ड्रू

मुलगा मैदानावर फार रमतो, तर त्याच्या विद्येचें कसें व्हावयाचें, असा प्रश्न पालक मंडळी आम्हांस पुष्कळदां विचारतात. विद्यार्थ्यांची तक्रार नेमकी याच्या उलट असते. या वादांत कोरडा उपदेश करण्यापेक्षां एक चरित्र उभयतांपुढें ठेवणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

चार्ल्स रिचर्ड ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजीं अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. त्यांचे वडील गालिचे बसविण्याचें काम करीत. त्या काळीं तेथें गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगवेगळ्या असत. ड्रू ज्या डनबार हायस्कुलांत शिकले, तें कृष्णवर्णीयांसाठींच होतें. परंतु तेथील अध्यापनाचा मोठा लौकिक होता. तेथें ड्रू यांनीं चार खेळांत नैपुण्य मिळविलें, आणि त्या बळावर १९२२ सालीं शिष्यवृत्ति मिळवून ते ॲमहर्स्ट कॉलेजांत गेले. फुटबॉल आणि अडथळ्यांची शर्यत यांत त्यांनीं तेथें एवढें नांव कमाविलें कीं, चार वर्षांत कॉलेजास खेळांत सर्वांत अधिक मान मिळवून देणाऱ्या विद्यार्थ्याचें पारितोषिक १९२६ सालीं त्यांसच मिळालें. त्यांचा अभ्यास मात्र या काळांत बेताचाच होता, हें सांगितलें पाहिजे.

मग मन वैद्यकाकडे कसें वळलें? १९२० सालीं इन्फ्लुएन्झाच्या सांथींत त्यांची बहीण वारली होती. पुढें खेळतांना दुखापत होऊन त्यांस स्वतःस रुग्णालयांत राहावें लागलें. इच्छा झाली, पण पैसा नव्हता. म्हणून बाल्टिमोर येथील मॉर्गन कॉलेजांत दोन वर्षें खेळांचें संचालन व शास्त्रविषयांचें अध्यापन करून त्यांनीं फीपुरती शिल्लक टाकली. नंतर १९२८ सालीं ते कॅनडांतील मॅकगिल विश्वविद्यालयांत दाखल झाले. तेथेंही ते धांवण्याच्या संघाचे नायक होते. परंतु १९३३ सालीं पदवी घेतांना १३७ विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक दुसरा होता! मैदान सुटलें नव्हतें. मैदानावरील नेट आतां पुस्तकांकडेही वळला होता, इतकेंच.

मॅकगिल येथील जॉन बीटी या अध्यापकांमुळें ड्रू यांस एकाचें रक्त दुसऱ्यास देण्याच्या उपचाराची गोडी लागली. रक्तांतील तांबड्या पेशी त्या वेळच्या साधनांनीं फार दिवस टिकत नसत. त्या वेगळ्या काढल्यावर उरणारा पिवळसर द्रव, ज्यास प्लाझ्मा म्हणतात, तो पुष्कळ अधिक काळ टिके. शिवाय अनेकांचा प्लाझ्मा एकत्र मिसळल्यास तो रक्तगट न जुळवितां जखमीस देतां येई. रक्त सांठविण्याच्या या शास्त्रावर प्रबंध लिहून ड्रू यांनीं १९४० सालीं कोलंबिया विश्वविद्यालयाची उच्च पदवी मिळविली. त्याच वर्षीं युद्धांत होरपळणाऱ्या इंग्लंडास न्यूयॉर्कहून प्लाझ्मा पाठविण्याच्या कार्याची वैद्यकीय देखरेख त्यांजकडे आली. सुमारे १४,५०० रक्तदानें झालीं, व ५,००० लिटरांहून अधिक प्लाझ्मा समुद्रापार गेला.

आणि तरीही, १९४१ च्या अखेरीस अमेरिकन रेड क्रॉसनें सैन्यासाठीं रक्त गोळा करतांना कृष्णवर्णीयांचें रक्त घेण्याचें नाकारलें! जानेवारी १९४२ पासून तें घेऊं लागले. पण गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळें ठेवण्याच्या अटीवर. या भेदास शास्त्राचा कांहींएक आधार नाहीं, असें ड्रू यांनीं उघडपणें सांगितलें. ही पद्धति १९५० पर्यंत चालूच राहिली.

निषेध करून ते स्वस्थ बसले नाहींत, हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. १९४१ सालींच ते वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विश्वविद्यालयांत शस्त्रक्रियेचे मुख्य अध्यापक झाले होते. कृष्णवर्णीय तरुण डॉक्टरांस शस्त्रक्रिया शिकण्यास त्या देशांत फारच थोडीं रुग्णालयें खुलीं होतीं. आपले विद्यार्थी कोणत्याही परीक्षेंत कोणाहूनही कमी ठरूं नयेत, असें शिक्षण ड्रू यांनीं त्यांस दिलें, आणि बंद असलेल्या वैद्यकीय संस्थांचीं दारें त्यांच्यासाठीं ठोठावलीं. १९४१ ते १९५० या काळांत शल्यवैद्यांच्या राष्ट्रीय मंडळाचें प्रमाणपत्र मिळविणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकीं निम्म्याहून अधिक त्यांच्या हाताखालून गेलेले होते. तो आंकडा अवघा आठ होता. यावरूनच वाट किती अरुंद होती, तें कळेल.

१ एप्रिल १९५० रोजीं सहकाऱ्यांसह टस्कीगी येथील मोफत रुग्णसेवेच्या वार्षिक शिबिरास जातांना मोटार उलटून त्यांचा अंत झाला. वय अवघें ४५ वर्षांचें होतें. गोऱ्यांच्या रुग्णालयानें उपचार नाकारल्यामुळें ते वारले, अशी वदंता पुढें पसरली. ती खरी नाहीं. तेथील डॉक्टरांनीं शर्थ केली होती, असें सोबतच्या सहकाऱ्यांनींच सांगितलें.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलगा खेळतो म्हणून त्यास रागें भरूं नका. जी चिकाटी तो संध्याकाळीं मैदानावर दाखवितो, ती सकाळीं पुस्तकाशीं दाखवितो कीं नाहीं, तेवढें पाहा. आणि विद्यार्थिमित्रांनो, ड्रू यांचीं पारितोषिकें त्यांच्या एकट्याचीं होतीं. त्यांनीं शिकविलेले शल्यवैद्य मात्र त्यांच्या मागें रोगी बरे करीत राहिले व आणखी शिष्य तयार करीत राहिले. तुम्हांस जें उत्तम येतें, तें यंदां आपल्याहून लहान अशा एका तरी मुलास शिकवा.