कॉम्प्युटर घ्यायचाय? आधी प्लगकडे बघा!



"तू कॉम्प्युटरला आहेस ना? मग सांग, कोणता पीसी घेऊ?" सुट्टीत गावी गेल्यावर कॉम्प्युटर ब्रँचच्या प्रत्येकाला हा प्रश्न एकदा तरी ऐकावा लागतो. एसटीतून उतरून बॅग खाली ठेवायच्या आत! मी शिंदखेड्याची. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्द जरा जास्तच डोकावतील, तेवढं सांभाळून घ्या.

माझा मामेभाऊ गावात लग्नाची शूटिंग करतो आणि स्वतःच एडिटिंगही करतो. मधूनमधून मित्रांच्या अहिराणी गाण्यांचे व्हिडिओही बनवतो. २०२३ मध्ये त्याने एका दुकानातून "गेमिंग पीसी" घेतला. काचेचं कॅबिनेट, आत सात रंगांचे लाईट, बघणारा बघतच राहील! २०२४ च्या मे महिन्यात, भर दुपारी, लाईट गेली आणि आली, आतून 'फट्' आवाज झाला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला, आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या डिस्कमध्ये एका मुलीच्या लग्नाची सगळी शूटिंग होती. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या ऑर्डरसाठी आधीच फॉरमॅट केलेली. मुलीचे वडील घरी आले. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "निदान पाठवणीचं तरी काही मिळेल का?" भावाने त्यांचे पैसे परत केले. पण लग्न परत लावता येतं का?

दिवाळीनंतर कपाशीचे पैसे आले. मामांनी ५५ हजार काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "बाई, इतला पैसा पुन्हा त्या डबामा?" पार्ट निवडायची जबाबदारी माझ्यावर आली. तेव्हा जे शिकले ते इथे लिहिते आहे. हॉस्टेलवर किंवा घरी मशीन जोडायचा विचार करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. आमच्या सर-मॅडमनी चुका दाखवल्या तर आनंदच आहे.

१) आधी काम ओळखा

कमी पैशात मोठं काम करण्याची आपल्या भागाला सवय आहे. धुळ्याहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला, सुमारे ५० हजार रुपयांत! एडिटिंगसाठी कॉम्प्युटर नव्हता, व्हीसीआरवर टेप जोडून काम झालं. या मंडळींवर २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी आली आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट थिएटरमध्ये लागला. जवळपास त्याच रकमेत २०२४ मध्ये एडिटिंगचा चांगला कॉम्प्युटर उभा राहत होता. फक्त पैसा कुठे लावायचा ते कळलं पाहिजे.

गेमिंग आणि एडिटिंग ही दोन वेगळी कामं आहेत. गेममध्ये प्रत्येक चित्र त्याच क्षणी तयार करायचं असतं, तो भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर पडतो. एडिटिंगमध्ये चित्र आधीच तयार असतं, पण दाबून पॅक केलेलं. ते उलगडावं लागतं. थोडा हिशोब करू. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येकी ३ बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ६.२ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १५५ एमबी. फोर-के त्याच्या चौपट, सेकंदाला ६२२ एमबी! हे सगळं प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स मिळून हाताळतात. म्हणून एडिटिंगला एकच भारी पार्ट चालत नाही, सगळे ठीकठाक लागतात.

२) वीज : इथे काटकसर नको

नेटवरच्या याद्या प्रोसेसरपासून सुरू होतात. आम्ही प्लगपासून सुरुवात केली. कारण प्रोसेसर कमी ताकदीचा असेल तर काम उशिरा होतं. एसएमपीएस वाईट असेल तर कामच जातं.

पहिली गोष्ट अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर लाईव्ह आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, येऊन बसतं. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण हा इशाराच आहे. मामांच्या घरी तीन पिनांचा बोर्ड होता, तिसऱ्या पिनला वायरच नव्हती! वायरमनला बोलावून आधी तेच करून घेतलं.

दुसरी गोष्ट वॅटचा हिशोब. आम्ही निवडलेला प्रोसेसर जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो, मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड १३० च्या आसपास, बाकी बोर्ड-डिस्क-पंखे मिळून ५० धरा. एकूण ३०० वॅट. त्यासाठी ५५० वॅटचा, '८० प्लस ब्राँझ' शिक्का असलेला एसएमपीएस घेतला. हा शिक्का म्हणजे निम्म्या लोडवर साधारण ८५ टक्के कार्यक्षमता. म्हणजे भिंतीतून ३०० भागिले ०.८५, सुमारे ३५३ वॅट ओढले जाणार.

आता युपीएस. दुकानात सगळे ६०० व्हीए देतात. तो साधारण ३६० वॅटचा असतो, म्हणजे अगदी काठावर, आणि मॉनिटर अजून धरलेलाच नाही. म्हणून १ केव्हीए घेतला, तो ६०० वॅटचा. त्यावर तासभर काम होईल अशी आशा ठेवू नका. दहाएक मिनिटं मिळतात. सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुरतात.

३) साठवण : परत न मिळणारी वस्तू

कॅमेरा १०० मेगाबिटने फोर-के रेकॉर्ड करत असेल तर सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, प्रत्येकी तीन तास, म्हणजे एका लग्नाचे २७० जीबी. आम्ही १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घेतली, तिच्यावर चालू काम. आणि ४ टीबीची हार्ड डिस्क, तिच्यावर प्रत. चौदा लग्नं मावतात.

काम एसएसडीवर करायचं कारण वेग. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास आणि एनव्हीएमई हजारांत. दोन कॅमेऱ्यांचं फुटेज मागेपुढे ओढताना हा फरक लगेच कळतो.

पण खरा नियम पैशाचा नाही, शिस्तीचा आहे. शूटिंग दोन वेगळ्या डिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. प्रतीची डिस्क मशीनला कायम जोडून ठेवायची नाही, कारण जे मशीनला लागेल तेच तिलाही लागेल. आमची डिस्क मामींच्या कपाटात, साड्यांच्या खाली असते.

४) प्रोसेसर आणि बोर्ड

आमच्यापुढे दोन नावं होती : एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा कोअर आय-५ १२४००. दोन्ही २०२२ चे, दोन्ही सहा कोर आणि बारा थ्रेडचे. मुख्य काम गेमिंग असेल आणि ग्राफिक्स कार्ड पहिल्याच दिवशी घ्यायचं असेल तर रायझन उत्तम. पण त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडदा काळाच राहणार. १२४०० मध्ये ते आहे, शिवाय 'क्विक सिंक' नावाचा व्हिडिओ उलगडण्यासाठीचा वेगळा भाग आहे. भावाला तोच सोयीचा. एक सूचना : नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर हे दोन्ही मिळत नाही. थोडा स्वस्त म्हणून दुकानदार तोच पुढे करतात. खोका हातात घेऊन पूर्ण नाव वाचा!

बोर्ड घेताना दिव्यांपेक्षा स्लॉट मोजा. आम्ही रॅमचे चार स्लॉट असलेला घेतला.

५) रॅम : इथे माझी चूक झाली

रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या लावायच्या, म्हणजे प्रोसेसरला एकाऐवजी दोन रस्ते मिळतात. हे बरोबर केलं. पण ८-८ च्या दोन लावल्या, एकूण १६ जीबी. ३२ घेऊ म्हणत होता भाऊ, मी म्हटलं, "स्लॉट रिकामे आहेत, पुढच्या वर्षी स्वस्तात घेऊ." आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी एवढी वाढली की रॅमचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. भाऊ अजून मला ते ऐकवतो! तेव्हा रॅमचा भाव खरेदीच्या दिवशीच विचारा, जुन्या यादीवर विसंबू नका. सेकंडहँड डीडीआर-४ चालते, पण मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून बघा. एकही एरर आली तर परत करा.

१६ जीबीवर फोर-के अडखळतं. त्यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी. डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही ती सोय आहे. फुटेजच्या छोट्या प्रती बनवून त्यावर कापाकापी करायची, शेवटी सॉफ्टवेअर मूळ फाइल वापरून व्हिडिओ काढतं.

६) ग्राफिक्स कार्ड : नंतर घेतलं तरी चालतं

हे वाचून हॉस्टेलची मुलं मारायला धावतील! पण खरं सांगते, आम्ही ते पहिल्या दिवशी घेतलंच नाही. आधी सहा महिने इनबिल्ट ग्राफिक्सवर काढले. सेटिंग कमी ठेवून व्हॅलोरंट त्यावरही चालतो. लग्नाचा सीझन संपल्यावर, जून २०२५ मध्ये, कमाईतून ८ जीबी व्हीरॅमचं कार्ड घेतलं. एसएमपीएस आधीच मोठा घेतल्याने दुसरं काही बदलावं लागलं नाही. उलट केलं असतं, म्हणजे कार्ड आधी आणि एसएमपीएस स्वस्तातला, तर २०२४ चा मे महिना पुन्हा आला असता.

७) उन्हाळा आणि धूळ

कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक कमी ठेवतो. खोली २५ अंश असताना प्रोसेसर ७० वर असेल तर फरक ४५ चा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याची खोली ४२ झाली की तोच प्रोसेसर ८७ वर जाणार. १२४०० ची मर्यादा १०० अंश आहे, त्याच्या जवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणून बंद काचेऐवजी पुढून जाळीचं कॅबिनेट घ्या आणि मशीन पत्र्याच्या खोलीतून धाब्याच्या खोलीत हलवा. भावाने तेच केलं. धाब्यातून माती झिरपते, त्यासाठी जाळीमागचा फिल्टर महिन्यातून एकदा ब्रशने झाडायचा. मशीन बंद करून, प्लग काढून!

आमचा हिशोब (नोव्हेंबर २०२४)

प्रोसेसर १३,५००
बोर्ड ९,५००
रॅम १६ जीबी ३,५००
एसएसडी १ टीबी ५,५००
हार्ड डिस्क ४ टीबी ८,५००
एसएमपीएस ४,५००
युपीएस ५,५००
कॅबिनेट ३,५००
एकूण ५४,०००

मॉनिटर जुनाच ठेवला. उरलेले हजार रुपये अर्थिंगला गेले. आकडे आज बदललेले असतील, पण प्रमाण बघा : वीज आणि साठवण मिळून २४ हजार, जवळपास निम्मे! पहिल्या मशीनमध्ये या दोन्हींवर मिळून सहा हजारही खर्च झाले नव्हते.

खरेदी करताना प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटी पार्टागणिक वेगळी असते. 'असेंबल्ड सेट' असं एका ओळीचं बिल असेल तर नंतर भांडायला काही हातात राहत नाही, हे आम्ही पहिल्यांदा भोगलंय. ऑफिसचा जुना पीसी घेणार असाल तर विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, हे लक्षात ठेवा.

२०२५ च्या मे महिन्यात मी घरीच होते. एका लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्ट होत असताना दुपारी लाईट गेली. युपीएस ओरडायला लागला. भावाने एक्सपोर्ट थांबवला, प्रोजेक्ट सेव्ह केला, मशीन बंद केलं आणि आम्ही अंगणात लिंबाखाली जाऊन बसलो. लाईट आल्यावर पुन्हा सुरू. काही गेलं नाही. मामा बाजेवरून हे सगळं बघत होते, काही बोलले नाहीत. आमच्याकडे त्याला शाबासकी म्हणतात!

तर मंडळी, कुणाला यादी करायची असेल तर लायब्ररीत भेटा, बसून बघू. फक्त येण्याआधी घरी फोन करून विचारा : तिसऱ्या पिनला वायर आहे का?

– एक विद्यार्थिनी, टी. ई. कॉम्प्युटर
(मु. पो. शिंदखेडा, जि. धुळे)