घरबसल्या सॉफ्टवेअर इंटर्नशिप : आपल्या किनारपट्टीतील विद्यार्थ्यांनी तयारी कशी करावी ?

अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन आणि महाडचा खाडीपट्टा या भागांतून आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज संगणकशास्त्राचे शिक्षण घेत आहेत. लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तर आपल्या दाराशीच आहे. परंतु पदवी हाती पडली तरी नोकरी देणारा पहिला प्रश्न विचारतो तो अनुभवाचा. हा अनुभव मिळविण्यासाठी सुट्टीत दोन-तीन महिने मुंबई-पुण्यात खोली घेऊन राहणे ज्या घराला परवडत नाही, त्या घरातील विद्यार्थ्यासाठी हा लेख आहे. कामाची माणसे परदेशात, आपण आपल्या गावी, आणि मधे फक्त संगणक व इंटरनेट, अशा रीतीने केलेल्या व मानधन मिळणाऱ्या इंटर्नशिप आज उपलब्ध आहेत. स्पर्धा मोठी आहे, हे मात्र आरंभीच सांगितले पाहिजे.

यांपैकी सर्वांत जुनी व मोठी योजना म्हणजे गूगल समर ऑफ कोड. ती २००५ मध्ये सुरू झाली. पूर्वी ती केवळ विद्यार्थ्यांसाठी होती. २०२२ पासून अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणत्याही नवशिक्यास अर्ज करता येतो. २०२५ साली पंधरा हजारांहून अधिक अर्जदारांतून तेराशेच्या आतच निवडले गेले. दुसरी योजना आउटरीची. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो किंवा ज्यांचे प्रमाण अत्यल्प आहे, अशांनी तेथे अर्ज करावा अशी तिची भूमिका आहे. तिसरी वाट आपल्या जवळची. मुंबईच्या आय. आय. टी.मधील फॉसी प्रकल्प उन्हाळी फेलोशिप देतो आणि तेथील निवड आधी नेमून दिलेले काम करून दाखविण्यावर होते. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स, पायथन आदी विषयांवरील कित्येक पाठ मराठी आवाजात मोफत मिळतात. इंग्रजीची धास्ती वाटणाऱ्याने तेथूनच सुरुवात करावी, असे आम्ही सांगतो.

या योजनांत टक्केवारीला फारसे महत्त्व नाही आणि कॉलेजच्या नावाला तर त्याहूनही कमी. येथे पाहिले जाते ते अर्जदाराने अर्जापूर्वी त्या प्रकल्पात प्रत्यक्ष केलेले काम. ज्याला आपण मुक्त सॉफ्टवेअर म्हणतो त्याची मूळ संहिता सर्वांना वाचता येते. तिच्यात दोष आढळला तर कोणीही दुरुस्ती करून पाठवू शकतो, आणि प्रकल्पाचे जुने कार्यकर्ते ती तपासून स्वीकारतात वा परत करतात. समोरच्या माणसाला आपले आडनाव ठाऊक असले तरी त्यातून त्याला काही समजत नाही. दुरुस्ती चालते की नाही एवढेच तो पाहतो. याचा अर्थ सर्वांची सुरुवात एकाच रेषेवरून होते असा मात्र नाही. ज्याच्या घरी आठवीपासून संगणक आहे तो पुढेच असणार. हे अंतर तोडण्याचा एकच उपाय आमच्या पाहण्यात आहे, तो म्हणजे लवकर सुरुवात करणे.

समर ऑफ कोडमध्ये सहभागी संस्थांची यादी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात जाहीर होते आणि मार्चअखेर वा एप्रिलच्या आरंभी अर्जाची मुदत संपते. यादी आल्यावर जागे होणाऱ्याच्या हाती महिना-सव्वा महिना उरतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच कामाला लागावे. मागील वर्षांच्या याद्या उपलब्ध असतात आणि बऱ्याच संस्था दरवर्षी पुन्हा येतात. त्यांतून आपल्याला येणाऱ्या भाषेतील, म्हणजे पायथन, जावास्क्रिप्ट वा सी प्लस प्लसमधील, एक किंवा फार तर दोन प्रकल्प निवडावेत. दहा ठिकाणी हात लावणारा कोठेच ओळखला जात नाही. समर ऑफ कोडमध्ये तीनपर्यंत प्रस्ताव देता येतात, परंतु एकच प्रस्ताव मन लावून लिहिलेला बरा.

साधनांपैकी गिट नीट आले पाहिजे. पाठ करून नव्हे. शाखा काढणे, बदल नोंदविणे, इतरांचे बदल आपल्यात मिळविणे आणि गुंता झाला तर मागे येणे, एवढे हाताला बसले पाहिजे. त्यानंतर प्रकल्प आपल्या संगणकावर उतरवून चालू करावा. ऐकायला हे सोपे वाटते, पण पहिला आठवडा यातच जातो, त्यामुळे निराश होऊ नये. या खटपटीत सूचनांच्या पानावरील एखादी चूक सापडली तर ती दुरुस्त करून पाठवावी. ती आपली पहिली पुल रिक्वेस्ट.

मग खरे काम कोठे शोधावे ? नवशिक्यांसाठी वेगळी खूण केलेले प्रश्न बऱ्याच प्रकल्पांत असतात, पण त्यांवर शंभर जणांचे डोळे असतात. आपण मराठी आहोत, याचा येथे उपयोग करून घ्यावा. उदाहरणार्थ, ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातील अर्धा र दोन प्रकारे टंकित करता येतो. एकात नुक्ता असलेले ऱ हे अक्षर व हलंत येतो. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते वेगळे. त्यामुळे एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडत नाही. बर्लिनमधील प्रोग्रॅमरला हा दोष जन्मात दिसणार नाही. आपल्या आठवीतल्या मुलीला तो लगेच दिसेल. शोध, वर्णक्रम, फाँट, शब्द तोडणे, अंकलेखन अशा गोष्टींत मराठीपुरते दोष अजूनही आढळतात. असा एक दोष नेमका मांडून, तो पुन्हा कसा घडवून पाहता येईल हे लिहून, शेवटी दुरुस्ती व तिची चाचणी जोडून पाठविणारा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या लक्षात राहतो.

प्रश्न विचारण्याचीही एक पद्धत आहे. ‘सर, मला आपल्या प्रकल्पात रस आहे, कृपया मार्गदर्शन करावे’ अशा पत्रांना सहसा उत्तर येत नाही, कारण तशी शेकडो येतात. काय करायला गेलो, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि आपण कोणते उपाय करून पाहिले, हे चार मुद्दे लिहावेत. हे खासगी पत्रात न लिहिता सर्वांच्या चर्चेत लिहावे. तेथे सर-मॅडम म्हणण्याची रीत नाही. वयाने मोठ्या माणसालाही नावाने संबोधतात. आपल्याला ते जड जाते, पण त्यात अनादर नाही.

आता आउटरीचीच्या निबंधाविषयी, कारण आपले विद्यार्थी येथेच अडतात असा आमचा अनुभव आहे. तेथे निवड दोन टप्प्यांत होते. आधी निबंध, आणि ते मान्य झाल्यास सुमारे महिनाभर प्रकल्पात प्रत्यक्ष काम. निबंधात शिक्षण घेताना सोसलेल्या भेदभावाविषयी विचारले जाते. काही मुले लाजेने मोघम लिहितात, काही भाषण लिहितात. दोन्हींनी काम होत नाही. वसतिगृहात, प्रयोगशाळेत, गट पाडताना, शिष्यवृत्तीच्या रांगेत जे घडले ते केव्हा, कसे आणि त्याचा अभ्यासावर काय परिणाम झाला, हे साध्या वाक्यांत लिहावे. त्यात आणखी एक अडचण येते. परदेशातील वाचकाला बौद्ध म्हणजे जातीबाहेरचा माणूस वाटतो, आणि मग जातिभेद कसा, हा प्रश्न त्याला पडतो. तेव्हा दोन वाक्यांत खुलासा करावा : १९५६ च्या धर्मांतरानंतरही समाज आपल्याला जुन्याच जातीने ओळखतो, आणि १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. जातीचा प्रश्न आता तिकडेही अपरिचित राहिलेला नाही; अमेरिकेतील सिॲटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदास कायद्याने बंदी घातली. निबंध यंत्राकडून लिहून घेऊ नये. आपले दुःख दुसऱ्याच्या गुळगुळीत इंग्रजीत लिहिले की ते कोणाचेच राहत नाही, आणि तपासणाऱ्यालाही ते कळते. व्याकरणाच्या चार चुका चालतील.

आपल्या किनाऱ्याचा खरा शत्रू पावसाळा. या इंटर्नशिपचे मुख्य काम जून ते ऑगस्टमध्ये येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूड-अलिबाग पट्ट्यावर आदळले आणि अनेक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्या वर्षीच्या समर ऑफ कोडचे काम १ जूनला सुरू झाले होते. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले. म्हणून प्रस्तावातच जूनचा पहिला पंधरवडा हलका ठेवावा. आमच्या भागात वीज व संपर्क तुटू शकतो, तसे झाल्यास अमुक दिवसांत कळवीन, असे मार्गदर्शकाला आधीच लिहून ठेवावे. यात कमीपणा नाही. न सांगता गप्प होणारा विद्यार्थीच नापास होतो. गिटची सोय अशी की इंटरनेट नसतानाही बदल नोंदविता येतात आणि रेंज आल्यावर एकदम पाठविता येतात. ते मजकुराचेच असल्याने अगदी मंद रेंजवरही जातात. लागणारी पुस्तिका व संहिता मेअखेर उतरवून ठेवावी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असावीत. तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे चार दिवस बसण्याची सोय विचारून ठेवावी.

भेटीच्या वेळा मात्र आपल्याला सोयीच्या पडतात. उन्हाळ्यात बर्लिनला सकाळचे दहा वाजतात तेव्हा येथे दुपारचा दीड असतो. बॉस्टनला दहा वाजतात तेव्हा येथे संध्याकाळचे साडेसात. मुलीला रात्री उशिरापर्यंत संगणकावर बसू द्यायचे की नाही यावरून घरात वाद होतात, तेव्हा पालकांनी हे घड्याळ समजून घ्यावे. आउटरीचीत आठवड्याला तीस तास काम अपेक्षित असते. तेवढे दिवस तिला चुलीपासून आणि पाहुण्यांपासून मोकळीक द्यावी लागेल, आणि हे घरातील मोठ्यांनीच ठरवायचे आहे.

इंटर्नशिप देतो म्हणून नोंदणी शुल्क वा अनामत मागणारा कोणीही असो, त्याला एक पैसाही देऊ नये. वर सांगितलेल्या योजना अर्जदाराकडून काहीही घेत नाहीत. उलट कामाचे मूल्यमापन झाल्यावर हप्त्याने मानधन देतात. ते बँकेत जमा व्हायचे तर पॅनकार्ड, आधार आणि पासबुकावरील नाव एकसारखे हवे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पासबुकावर वडिलांचे नाव वगळून तिसरे, असा प्रकार घरोघरी आहे. ही दुरुस्ती जानेवारीतच करून घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत दाखल्यांसाठी कार्यालयांत गर्दी असते.