पूररेषा पुन्हा का आखावी लागते

कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या गावांना पूर नवा नाही. जुन्या माणसांनी गावठाण उंचावर ठेवले आणि मळीच्या रानात फक्त पीक घेतले, ते उगाच नव्हे. परंतु 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी जुने अंदाज मागे टाकले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2005 साली तेथे पाणी सुमारे 54 फुटांवर गेले, 2019 साली 57 फुटांच्याही वर. तेव्हापासून काठावर घर बांधू पाहणारा जो तो आम्हाला विचारतो, "पाणी इथवर येईल का?" ज्या अभ्यासातून याचे उत्तर निघते, त्याची थोडी ओळख करून घेऊ.

महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. येथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. "शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत काळजी नाही," असे पुष्कळ जण समजतात. तसे नाही. त्या पुराचा संभव दर वर्षी शंभरात एक असतो, आणि गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून तो कमी होत नाही. निळ्या रेषेवरच्या घराला हाच संभव दर वर्षी शंभरात चार. हिशेब मांडला तर 25 वर्षांत एकदा तरी घरात पाणी शिरण्याचा संभव शंभरात 64 निघतो. सोसायटीचे कर्ज फिटण्याच्या आत, म्हणा ना!

रेषा आखताना आधी पावसाच्या व नदीच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून किती क्युसेक पाणी येऊ शकेल ते ठरवतात. मग नदीचे ठिकठिकाणी आडवे छेद घेतात, म्हणजे एका काठाच्या उंचवट्यापासून तळातून पलीकडच्या उंचवट्यापर्यंत जमिनीची उंची मोजतात. त्यानंतर येतो पात्राचा खरखरीतपणा. मॅनिंग या आयरिश अभियंत्याने 1889 साली मांडलेले सूत्र त्यासाठी आजही वापरतात. स्वच्छ, सरळ पात्राचा आकडा 0.03 च्या आसपास असतो, दाट झुडपांचा 0.1 पर्यंत जातो. पात्रात झुडपे माजली की तेवढ्याच उतारावर आणि तेवढ्याच खोलीत पाण्याचा वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मग तेच पाणी पुढे जायचे तर त्याला वर चढावे लागते. आपल्याकडे ऑगस्टात मळीत ऊस डोक्यावर उभा असतो. तोही या हिशेबात धरावा लागतो.

ही सारी माहिती दिली की संगणक प्रत्येक छेदापाशी पाणी किती चढेल ते काढून देतो. याला गणिती प्रतिरूप म्हणतात. पण छेद जुने असतील तर उत्तरही जुन्या नदीचे येते. मध्यंतरी वाळू उपसली गेली, गाळ साचला, नवा पूल झाला. पुलाचे गाळे थोडे आणि रस्त्याचा भराव उंच असला म्हणजे पाणी मागे तुंबते. शिवाय अलीकडचे मोठे पूर नोंदींत धरले की शंभर वर्षांच्या पुराचा आकडाच वाढतो. म्हणून हा अभ्यास ठराविक वर्षांनी पुन्हा करावा लागतो.

अलमट्टीचा विषय निघाला की सीमाभागात आवाज चढतात. संथ नदीत वरची पातळी खालच्या पात्रावर अवलंबून असते, त्यामुळे फुगव्याची शंका काही वेडगळ नाही. परंतु तो किती आणि कुठवर, हे आवाजाने ठरत नाही, छेदांनी ठरते. राज्याच्या हद्दीपाशी मोजणी थांबवून हा हिशेब पुरा होत नाही. वडनेरे समितीने 2020 च्या अहवालात पूरक्षेत्रातील अतिक्रमणांवरही बोट ठेवले आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आता आपले काम. प्रतिरूप बरोबर की चूक हे ताडून पाहायला खऱ्या पुराच्या खुणा लागतात, आणि त्या कागदपत्रांत थोड्या, आपल्या भिंतींवर जास्त असतात. पक्क्या भिंतीवर पाण्याची रेघ असेल तर चुना फासण्यापूर्वी तेथे ऑईलपेंटची आडवी रेघ ओढा आणि शेजारी वर्ष लिहा. 2019 ची आणि 2021 ची रेघ वेगळी ठेवा. वाहत्या पाण्याचे शिंतोडे धरू नका, निवांत पाण्याची रेघ धरा. कोणत्या दिवशी, किती वाजता पाणी सर्वांत वर होते ते घरात लिहून ठेवा. मोजणीवाले आले की आपणहून दाखवा. भरपाई कमी होईल किंवा प्लॉटचा भाव पडेल म्हणून खूण लपवणारेही आहेत; त्यांच्या खोट्या रेषेवर उद्या दुसऱ्याचे घर उभे राहते.

नवी रेषा येईपर्यंत घरातल्या सर्वांत उंच खुणेवर दोन-तीन फूट धरून जोते घ्या, आणि धान्याची पोती, औषधे व मोटारीचा स्टार्टर जूनपासूनच त्याच्या वर ठेवा.