पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच का?

प्रश्न : वय ६४. चेकअपमध्ये पीएसए ५.८ आला. तेव्हा लघवीला जळजळ होत होती. कॅन्सर असेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन; वयानुसार प्रोस्टेट वाढल्यावर किंवा संसर्गातही ते चढतं. पीएसए ४ ते १० च्या दरम्यान असताना बायोप्सी केलेल्या चौघांपैकी साधारण एकालाच कॅन्सर सापडतो.

तुमची जळजळ महत्त्वाची. आधी लघवी तपासा, संसर्गावर उपचार घ्या. सहा-आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा पीएसए करा. आदले दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध टाळा. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा : या गोळीने काही महिन्यांत आकडा निम्म्यावर येतो, म्हणजे ३ हा ६ धरावा लागतो.

पुन्हा केलेल्या तपासणीतही पीएसए चढाच राहिला तर यूरॉलॉजिस्ट एमआरआय सांगतील, गरज वाटली तरच बायोप्सी. लघवीत रक्त दिसलं तर मात्र थांबू नका.