भंगार : त्याचे मोल व त्यासंबंधीची दक्षता
(इयत्ता 5 वी ते 7 वी : सामान्य विज्ञान, भूगोल व अंकगणित ह्यांच्या समन्वयासाठी)

पाठाचा हेतू.— गावात भंगारवाल्याची हाक आली की घरातील फुटकी बादली, गंजलेला फाळ वा मोडकी सायकल त्याच्या गाडीवर जाते. ती वस्तू पुढे कोठे जाते, तिचे काय होते, हा विचार विद्यार्थ्यांच्या मनात सहसा येत नाही. तो त्यांस करावयास लावणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

स्थानिक माहिती.— नवी मुंबई वसविण्यासाठी 1970 साली सिडकोची स्थापना झाली. मुंबईतील दारूखाना व कर्नाक बंदर ह्या दाट वस्तीच्या भागांतील लोखंडाचा व्यापार बाहेर हलविता यावा म्हणून ह्या नव्या शहरात कळंबोली येथे लोखंड-पोलाद बाजार उभारण्यात आला. 1989 साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेथे परदेशांतील भंगारही कंटेनरांतून उतरते. जालना येथील कारखान्यांत असे भंगार वितळवून त्याच्या बांधकामाच्या सळया करतात. शिक्षकांनी हा प्रवास नकाशावर दाखवावा.

एक उदाहरण.— आपल्या नौदलाची ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका 1961 साली सेवेत दाखल झाली व 1997 साली निवृत्त झाली. 2014 साली दारूखाना येथे ती तोडण्यास प्रारंभ झाला. तिच्या पोलादाचा काही अंश बजाज ऑटो ह्या कंपनीने घेतला आणि 2016 साली बाजारात आणलेल्या आपल्या एका मोटारसायकलीत वापरला. वस्तूचे रूप नष्ट झाले तरी धातू नष्ट होत नाही, हे तत्त्व ह्या उदाहरणाने मुलांच्या मनावर चांगले ठसेल.

लाभ.— केंद्र सरकारच्या 2019 च्या पोलाद-भंगार धोरणानुसार, एक टन भंगार वापरल्याने 1.1 टन लोहखनिज, 630 किलोग्रॅम कोकिंग कोळसा व 55 किलोग्रॅम चुनखडी वाचते. ह्याचा अर्थ, तेवढ्या खनिजासाठी डोंगर खणावा लागत नाही व तेवढा कोळसा जाळावा लागत नाही. अॅल्युमिनियमच्या बाबतीत तर लाभ अधिकच मोठा आहे. खनिजापासून ते काढण्यास जी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे 5 टक्के ऊर्जेतच जुने अॅल्युमिनियम पुन्हा वापरण्याजोगे होते. शिवाय वेचणारा, फेरीवाला, वखारदार, हमाल, वाहनचालक व भट्टीवरील कामगार अशा अनेकांची उपजीविका ह्यावर चालते. ह्यांतील कोणत्याही कामास विद्यार्थ्यांनी हीन लेखू नये, ह्याची शिक्षकांनी विशेष काळजी घ्यावी. ज्याच्या घरी हा व्यवसाय आहे, तो विद्यार्थीही त्याच वर्गात बसलेला असतो.

वर्गीकरणाचे महत्त्व.— भंगाराचे खरे मोल निवडीत आहे. पोलादाच्या भट्टीत तांबे मिसळले गेल्यास ते वेगळे काढणे अत्यंत कठीण असते, आणि तांब्याचे प्रमाण वाढले म्हणजे तापवून लाटताना पोलादास तडे जातात. म्हणून मिसळलेल्या ढिगापेक्षा निवडलेल्या ढिगास भाव अधिक मिळतो.

दक्षता.— लाभाचे हे वर्णन पुरे करण्यापूर्वी दुसरी बाजू सांगणे अगत्याचे आहे. तांबे मिळविण्यासाठी तारांवरील प्लॅस्टिक उघड्यावर जाळल्यास विषारी धूर निघतो. मोटारीची जुनी बॅटरी फोडल्यास तिच्यातील आम्ल अंग भाजते. शिसे माती व धुळीवाटे शरीरात जाऊन लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. अशा रीतीने मिळविलेल्या धातूचा नफा एकाचा, हानी मात्र साऱ्या गावाची असते. कारखान्यांच्या सांडपाण्याने कासाडी नदी दूषित झाल्याचा अनुभव तळोजे परिसराने घेतलाच आहे. बॅटरी, विजेऱ्या व विद्युत-उपकरणे न फोडता अधिकृत संकलकाकडेच द्यावीत, हे विद्यार्थ्यांकरवी पालकांपर्यंत पोहोचवावे.

वर्गातील उपक्रम.—

(1) खिळा, तांब्याची तार, पितळी बिजागरी, अॅल्युमिनियमचा चमचा व स्टेनलेस पोलादाची वाटी ह्यांजवळ चुंबक न्यावा व निरीक्षणे फळ्यावर लिहावीत. स्टेनलेसची बरीच भांडी चुंबकास चिकटत नाहीत. ‘पोलाद असून असे का?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच येऊ द्यावा. त्यात मिसळलेल्या निकेलसारख्या धातूंमुळे असे घडते. धारदार वा गंजलेल्या वस्तू मुलांच्या हाती देऊ नयेत.

(2) अंकगणित : एका शाळेने 40 किलोग्रॅम लोखंडी भंगार जमविले. वरील प्रमाणाने किती खनिज, कोळसा व चुनखडी वाचेल? (उत्तर : 44 किलोग्रॅम, 25.2 किलोग्रॅम, 2.2 किलोग्रॅम.)

(3) प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका मोडक्या वस्तूविषयी तीन गोष्टी लिहून आणाव्यात : ती कोणत्या धातूची आहे, तिची दुरुस्ती होऊ शकेल काय, आणि न झाल्यास ती कोणाकडे द्यावी. दुरुस्तीचा प्रश्न मध्ये मुद्दाम ठेवला आहे. कारण वस्तू वितळविण्यापेक्षा ती दुरुस्त करून वापरणे हे बहुधा अधिक काटकसरीचे असते.