उकळलेले पाणी आणि निळे ओठ

‘डॉक्टरसाहेब, पाणी तर आम्ही वीस-वीस मिनिटं उकळतो. मग लेकराचे ओठ निळे कशानं पडले?’

काही वर्षांपूर्वी एका आजीबाईंनी हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हते. बाळ अडीच महिन्यांचे. आईला दूध कमी, म्हणून डब्यातील पावडरीचे दूध चालू होते. आठ दिवसांपूर्वी बाळाला जुलाब झाले होते आणि ‘पाणी चांगले उकळून द्या’ असे मीच बजावले होते. घरच्यांनी ते मनापासून पाळले. पाणी शेतातल्या विहिरीचे होते.

बाळाची छाती साफ होती. हृदयाचा आवाज ठीक होता. प्राणवायू देऊनही निळसर रंग हटेना. रक्त काढले तर ते चॉकलेटसारखे तपकिरी, हवेत धरूनही लाल होईना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाळाला ताबडतोब मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पाठवले. तेथे मिथिलीन ब्ल्यूचे इंजेक्शन मिळाले आणि बाळ वाचले. पुढे विहिरीचे पाणी तपासले, तर त्यात नायट्रेट मर्यादेच्या तिपटीहून अधिक निघाले.

नायट्रेट काय करते?

शेतातला युरिया, विहिरीशेजारचा उकिरडा, गोठा, शौचालयाचा खड्डा यांतून नायट्रेट झिरपत पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. तान्ह्या बाळाच्या जठरात आम्ल कमी असते. तेथे जंतू वाढतात आणि नायट्रेटचे नायट्राइट करतात. हे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवते आणि बिघडलेले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही. मोठ्या माणसाचे शरीर ही दुरुस्ती स्वतः करते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ते नीट जमत नाही. अमेरिकेत आयोवा येथील डॉक्टर कॉम्ली यांनी 1945 मध्ये विहिरीच्या पाण्याचा आणि या निळेपणाचा संबंध प्रथम दाखवून दिला.

आता माझी चूक सांगतो. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे पाणी अधिक घट्ट होते. माझा सल्ला जुलाबासाठी बरोबर होता, त्या विहिरीसाठी अपुरा होता. पाण्याची तपासणी झाली आहे का, हे मी विचारायला हवे होते.

पाण्याचा ग्लुकोमीटर

मधुमेही वाचकांना ग्लुकोमीटर ठाऊक आहे. पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला की पट्टीवरील द्रव्याशी साखरेची क्रिया होते, सूक्ष्म वीजप्रवाह निघतो आणि यंत्र तो मोजून आकडा दाखवते. पाण्यासाठी अशीच पट्टी करण्याचे प्रयत्न जगभरच्या प्रयोगशाळांतून चालू आहेत. त्यासाठी ज्या पदार्थांकडे मोठ्या आशेने पाहिले जाते, त्यांना मेटल ऑरगॅनिक फ्रेमवर्क म्हणतात. आपण त्यांना धातूची सच्छिद्र जाळी म्हणू.

मांडवाची कल्पना करा. खांबांच्या गाठी म्हणजे तांबे, जस्त, झिर्कोनियम अशा धातूंचे अणू. त्यांना जोडणारे बांबू म्हणजे कार्बनयुक्त रेणू. मधल्या मोकळ्या जागा म्हणजे छिद्रे. ही छिद्रे इतकी असंख्य असतात की काही जाळ्यांच्या एका ग्रॅममध्ये एकरभर पृष्ठभाग मावतो. या शोधाबद्दल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी यांना 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यागी यांचे बालपण जॉर्डनमधील अम्मान येथे नळ नसलेल्या एका खोलीत गेले, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

पट्टीवर अशा जाळीचा लेप दिला की पाण्यातील दूषित द्रव्य छिद्रांत गोळा होते. मग विजेचा ठरावीक दाब देतात. नायट्रेट असेल तर ते इलेक्ट्रॉन घेऊन फुटते. तांब्याच्या अंगी ही क्रिया घडवण्याचा गुण आहे. शिसे असेल तर ते आधी पट्टीवर साचवतात, मग दाब उलट दिशेने वाढवत नेतात. शिसे आपल्या ठरलेल्या दाबालाच सुटते. प्रवाह जितका जास्त, तितके द्रव्य जास्त.

अडचणीही आहेत. या जाळ्या वीज नीट वाहून नेत नाहीत, म्हणून त्यांत कार्बन मिसळावा लागतो. काही जाळ्या पाण्यातच विस्कटतात. झिर्कोनियमच्या जाळ्या त्या मानाने टिकाऊ आहेत. शिवाय विहिरीच्या पाण्यात मीठ, क्षार, गाळ असे बरेच काही असते आणि त्यातून नेमके एकच द्रव्य ओळखणे सोपे नाही. म्हणून हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

तोपर्यंत आपण काय करावे?

1. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. आईच्या पिण्यात नायट्रेट असले तरी ते दुधात फारसे उतरत नाही. दूध कमी वाटल्यास डबा आणण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

2. वरचे दूध द्यावेच लागले, तर ते न तपासलेल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात कालवू नये.

3. टीसीएल पावडर, तुरटी, साधा फिल्टर यांनी नायट्रेट जात नाही. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते, मात्र यंत्राची देखभाल हवी.

4. पाण्याचा नमुना वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी आणि शक्य तर त्याच दिवशी पोचवावी. जंतूंच्या तपासणीसाठी वेगळी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडून घ्यावी. ग्रामपंचायतीत तपासणी संच आहे का, हेही विचारावे.

5. उकिरडा आणि शौचालयाचा खड्डा विहिरीपासून दूर ठेवावा.

6. बाळाचे ओठ, नखे निळसर वा राखाडी दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

ते बाळ आता शाळेत जाते. आजीबाई अजूनही दवाखान्यात येतात. तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक तान्ह्या बाळाच्या आईला मी एक प्रश्न न चुकता विचारतो, ‘पाणी कुठलं?’ हाच प्रश्न आपणही आपल्या घरात विचारावा.