भावना बाजूला ठेवून निर्णय घेता येतो का?

प्रश्न : निर्णय घेताना भावना पूर्णपणे बाजूला ठेवावी, असं नेहमी सांगितलं जातं. हे खरंच शक्य आहे का?

उत्तर : शक्य झालं तर काय होतं, हे अमेरिकेतल्या आयोवात मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओ यांनी जवळून पाहिलं. कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या भागाला इजा झालेल्या त्यांच्या काही रुग्णांची बुद्धी, स्मरणशक्ती आणि भाषा शाबूत होती. भावना मात्र बोथट झाल्या होत्या. अशा एकाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या. डायरी उघडून तो जवळपास अर्धा तास दोन्हींच्या बाजूची कारणं मांडत बसला : इतर कामं, हवामान, सगळं काही. मुद्दे बिनचूक होते, पण निर्णय होईना. शेवटी दमासिओंनीच दुसरी तारीख सुचवली, तेव्हा तो लगेच कबूल झाला. कुठला मुद्दा किती महत्त्वाचा, हे निव्वळ तर्काला ठरवता येत नाही, असं मला यावरून ठामपणे वाटतं.

यावर दोन आक्षेप येतात. मूठभर रुग्णांवरून सर्वांबद्दल किती बोलायचं, हा पहिला. तो रास्तच आहे. भावना निर्णयाला दिशा देते हे तपासण्यासाठी दमासिओंनी सहकाऱ्यांसह पत्त्यांच्या खेळाचा एक प्रयोगही केला होता; त्याच्या निष्कर्षांवर २००४ मध्ये इतर संशोधकांनी गंभीर शंका घेतली होती. दुसरा आक्षेप असा, की रागाच्या भरात माणसं संसार मोडतात, भीतीपोटी शेअर मातीमोल भावात विकतात. खरं आहे. पण तिथे त्या क्षणाची भावना बाकीच्या भावनांना बोलूच देत नाही. म्हणून राग आला असेल तर निर्णय उद्यावर ढकला, आणि उद्याही मन कच खात असेल तर त्याचं कारण शोधा.